बिशपसाहेबांचा डोळा

तिसगाव,
ता. १५ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. कृपा हिला,
थोरल्या बहिणीचा सलाम आणि आशीर्वाद. प्रभूच्या दयेने आम्ही इकडे बरे आहोत. तुम्हीही बरे असाल, किंबहुना आमच्यापेक्षा अंमळ जास्तच बरे असाल.

बिशपसाहेबांचं पत्र काल सर्व्हिस मोटारीने आलं. ह्यांनी ते ओट्यावर उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "श्रीमंतराव आर्चडीकन झाले." बस्स, एवढंच. जसं काही श्रीमंतरावांनी नवी छत्री घेतली. मी भाकरी थापत होते. तव्यावरची करपली, पण तिचा ह्या बातमीशी काही संबंध नाही. सरपणच तसलं होतं.

तर अभिनंदन, अगदी मनापासून. आपल्या भागात आजवर हे पद साहेबलोकांखेरीज कुणाला मिळालं नाही. आता हार्परसाहेब विलायतेला निघाले आणि त्यांची खुर्ची आपल्या माणसाला, आपल्याच घरात मिळाली. बाबा असते तर गावभर सांगत सुटले असते. शेवगाव-पाथर्डीच्या वाटांवर अनवाणी फिरून शुभवर्तमान सांगणारा तो माणूस, त्याचा एक जावई बिशपाच्या खालोखाल बसणार! फक्त कुठला जावई, एवढंच त्यांना दोनदा विचारावं लागलं असतं. तुला आठवतं ना, बाबांच्या घरी पहिलं ताट ह्यांचं मांडायचे आणि दुसरं श्रीमंतरावांचं. थोरला साडू तो थोरला. असो. देवळात ताटं मांडत नाहीत.

आमच्या देवळाचा कारभार बघणारे वॉर्डन छगन कालच विचारत होते, "बाई, थोरल्या जावयाला सोडून धाकट्याला कसं काय दिलं?"

म्हटलं, "हे काय लग्नातलं मानाचं पागोटं आहे? योग्यता बघून देतात."

"मंग आमच्या पाळकायची योग्यता कमी हाय व्हय?"

आता ह्याला काय उत्तर देऊ? मी म्हटलं, श्रीमंतरावांचं इंग्रजी चांगलं आहे. ते म्हणाले, "आमाला कुठं इंग्रजी येतंय, मंग आमच्यावर देखरेख कराया इंग्रजी कशाला?" अडाणी माणूस, त्याचं तू मनावर घेऊ नकोस.

बंगला कधी मिळणार? हार्परसाहेबांच्या बंगल्यात नळ आहे, मी पाहिलाय. मागच्या पडवीत, पितळी तोटीचा. इथे विहिरीने आत्ताच तळ दाखवलाय, उन्हाळ्यात काय होईल देव जाणे. पण मला सवय आहे. तुला लहानपणापासून घागर जड व्हायची.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. ऑक्टोबरात बिशपसाहेब नगरला आले तेव्हा ह्यांना बोलावणं होतं. परत येताना हे तुझ्याकडे जेवून आले. तुझ्या हातची वांग्याची भाजी छान झाली होती, एवढं मला सांगितलं. तेव्हा तुमच्याकडे ह्या गोष्टीची कुणकुण असेलच ना? ह्यांच्या कानावर घालायला काय हरकत होती? परक्यासारखं टपालाने कळलं.

श्रीमंतरावांना खुर्चीवर बसवायच्या समारंभाला येणं शेळीवर अवलंबून आहे. ती नाताळानंतर विणार.

तुझी ताई,
मुक्ता


तिसगाव,
ता. १२ डिसेंबर १९४६

चि. सौ. कृपा,
सलाम. तुझं पत्र मिळालं. "ताई, तुझं खरं आहे," असं तू दोन ठिकाणी लिहिलं आहेस. काय खरं आहे ते मात्र कुठेच लिहिलं नाहीस. आर्चडीकनबाई झाल्यावर असं गुळमुळीत लिहायचं असतं का?

चांदभाई शिंप्याने श्रीमंतरावांचे गेटर शिवले, ही बातमी वाचून मी दोन वेळा हसले. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत काळं कापड आणि बाहेरून बटणांची रांग! विलायतेत थंडी असते आणि घोड्यावर बसायचं असतं, म्हणून ते तिकडे घालतात, असं हे सांगतात. नगरच्या उन्हात पोटऱ्यांना दुलई बांधून फिरायचं म्हणजे हौसेला मोल नाही. आणि चांदभाईने विचारलं म्हणे, "ये पायजमा अधुरा क्यूं?" त्या माणसाला माझा सलाम सांग.

बरं, मुख्य गोष्ट. समारंभात वाचायला ह्या पदाचा इतिहास मराठीत लिहून द्या, असा श्रीमंतरावांनी ह्यांना निरोप धाडला. नवरदेव दुसरा आणि वाजंत्री आमचे हे! मी म्हटलं, वेळ नाही म्हणून कळवा. पण हे लगेच बसले. हार्परसाहेबांचं जाड पुस्तक मागवून घेतलं. हे लिहितात आणि मी माझ्या अक्षरात उतरवून काढते, त्यामुळे तुझ्या नवऱ्याचं पद आता मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ऐक.

सुरुवातीला डीकन म्हणजे नुसता वाढपी. विधवांना, गोरगरिबांना मंडळीचं अन्न वाटणारा. अशा वाढप्यांवर जो मुकादम, तो आर्चडीकन. रोमचे एक आर्चडीकन होते, लॉरेन्स म्हणून. सरकारने त्यांना दरडावलं की मंडळीचा खजिना हजर करा. तर त्यांनी लंगडे, आंधळे, भिकारी गोळा करून उभे केले आणि म्हणाले, हा घ्या खजिना. त्यांना जिवंत भाजलं. हे लिहिताना ह्यांचे डोळे भरून आले.

मग मात्र हे वाढपी भलतेच वाढले. इंग्लंडात त्यांच्या कचेऱ्या झाल्या, ते लोकांना दंड करू लागले. तपासणीला निघायचे तर एवढे घोडे, कुत्रे आणि शिकारी ससाणे घेऊन की गरीब पाळकाची कणगी एका मुक्कामात रिकामी. शेवटी धर्मसभेला हुकूम काढावा लागला की सातांपेक्षा जास्त घोडे न्यायचे नाहीत आणि शिकारीची कुत्री तर मुळीच नाहीत. आणि त्या काळी शहाणीसुरती माणसं वाद घालायची की आर्चडीकनाचं तारण होऊ शकतं का! मी वहीवर डोकं ठेवून हसले. हे म्हणाले, "तेवढं वाक्य गाळ." मी गाळलेलं नाही.

पुढे एके ठिकाणी पुस्तकात म्हटलंय, आर्चडीकन म्हणजे बिशपाचा डोळा. बिशप सगळीकडे जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने पाहणारा. हे वाक्य ह्यांनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं आणि उठून शेळीला पाला टाकायला गेले. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "डोळा म्हटलं की जे दिसेल ते सांगावं लागतं."

म्हटलं, मग ते श्रीमंतराव बघून घेतील, तुम्हाला कशाला काळजी?

नेवाशाच्या आत्याबाई येऊन गेल्या. त्यांनीही तेच विचारलं, जे छगन विचारतात. मी तेच उत्तर दिलं. आता ते उत्तर मला पाठ झालंय, पण पटत नाही.

तुझी ताई,
मुक्ता


तिसगाव,
ता. १० जानेवारी १९४७

कृपा,
आम्ही सुखरूप पोचलो. शेळी व्याली, दोन करडं झाली.

समारंभ छानच झाला. बिशपसाहेबांनी श्रीमंतरावांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं तेव्हा देवळातल्या बायका रडल्या. मीही रडले. तू मागे वळून माझ्याकडे पाहिलंस आणि हसलीस, तुला वाटलं ताई आनंदाने रडतेय. आता मी खोटं कशाला बोलू? पापांगीकार म्हणताना माझं चित्त तुझ्या अंजिरी रेशमी पदरावर होतं. मला वाटत होतं, ती खुर्ची ह्यांची, तो पुढचा बाक माझा, आणि तो पदरसुद्धा माझाच. हे वीस वर्षं ह्या कोरड्या मुलखात सायकल हाणतायत. जामखेडपर्यंत कुठे कोण आजारी, कोण मेलं, कुणाची पोर नांदत नाही, सगळं ह्यांना ठाऊक. श्रीमंतराव नगरच्या शाळेत पंख्याखाली बसून शास्त्र शिकवत होते. कुठल्या तराजूत तोललं बिशपसाहेबांनी?

ह्यांनी इतिहास वाचला, तेव्हा तारणाचं वाक्य गाळलं. मला माहीतच होतं.

आणि चहाच्या वेळची गोष्ट. त्या मुंबईच्या मडमेने मला सांगितलं, "बाई, दूध आणा." मी आणलं. तू तिथेच होतीस. "ती माझी मोठी बहीण आहे," असं तू म्हणालीस, पण दूध टेबलावर आल्यानंतर. आधी म्हणाली असतीस तर दूध कुणी दुसऱ्याने आणलं असतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

मला हेवा वाटतो, कृपा. लिहून टाकलं, आता बरं वाटतंय का? नाही.

मुक्ता


तिसगाव,
ता. २० मार्च १९४७

कृपा,
परवा आर्चडीकनसाहेबांची आमच्या मंडळीला पहिली भेट झाली. तू मुलांच्या परीक्षेमुळे आली नाहीस, म्हणून काय काय घडलं ते मी लिहिते. श्रीमंतरावांनी सांगितलं असेलच, पण ते त्यांच्या बाजूचं.

भेटीच्या आधी नियमाप्रमाणे देवळाची किल्ली, नोंदवह्या, प्रभुभोजनाचा प्याला आणि थाळी टेबलावर मांडून ठेवायची असते. प्याला मी चिंचेने घासला. घासताना म्हणत होते, घे मुक्ते, धाकट्या बहिणीच्या नवऱ्यासाठी घास. छगनने वेशीवर हलगी लावली होती. श्रीमंतराव मोटारीतून उतरले ते गेटर घालूनच, अंगाला घामाच्या धारा. पोरं त्यांच्या पायांची बटणं मोजत मागे मागे. ह्यांनी देवळाच्या दारात उभं राहून वाकून किल्ली त्यांच्या हातात दिली. थोरला साडू धाकट्यापुढे वाकला. श्रीमंतरावांनी लगेच "भाऊ, भाऊ" म्हणत ह्यांचा हात धरला, हे मी कबूल करते. पण वाकायचं ते वाकून झालंच होतं.

मग मंडळीपुढे तो ठरलेला प्रश्न आला. श्रीमंतरावांनी वॉर्डनना विचारलं, "आपल्यातलं कुणी विश्वासाची वाट सोडून वागत असेल, तर सांगावं."

आता तुला माहीत आहे, इथून मढी जवळ. रंगपंचमीला कानिफनाथाची जत्रा भरते. आपली मंडळी बाप्तिस्मा घेतलेली आणि वर लेंटचे उपवासाचे दिवस, तरी दर वर्षी दोन-चार म्हाताऱ्या गुपचूप जाऊन येतातच. छगनची आई झुंबरबाई त्यात पहिली. तिला मी मागे विचारलं होतं. ती म्हणाली, "नवस न्हाई बाई काई. माजी आई जायची. पायाला वाट ठावी हाय, मी काय करू?" येताना पदरात रेवड्या बांधून आणते, मूठभर आमच्याही घरी टाकते. हे बघतात आणि बघितलं नाही असं करतात. मी डब्यात ठेवते.

तर छगन उभे राहिले, आईकडे न बघता म्हणाले, "समदं बरं हाय सायेब. कुनाचं काय न्हाई." ह्यांची मान खाली. श्रीमंतरावांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि आम्ही आमच्या ओट्यावर चहाला आलो.

आणि मी काय केलं? साखर रेशनची, घरात गोड दुसरं काही नाही, हे निमित्त. मी बशीत झुंबरबाईच्या रेवड्या ठेवल्या. मनात म्हटलं, बघू या. खाल्ल्या तर आर्चडीकनही मढीच्या प्रसादाचे वाटेकरी. मग ते कुणाविरुद्ध काय लिहिणार? आणि चार माणसांत फजिती होईल ती वेगळी. कृपा, मला त्यांची फजितीच बघायची होती. बाकीचं सगळं मी नंतर जुळवलं.

त्यांनी एक खाल्ली. दुसरी घेतली. म्हणाले, "मुक्ताताई, तिळाच्या रेवड्या फार छान."

मी म्हटलं, "मढीच्या आहेत, साहेब. परवाच्या जत्रेच्या."

झुंबरबाईने पदर तोंडावर घेतला. छगनने कप खाली ठेवला. आमचे हे माझ्याकडे असं बघत होते की लग्न झाल्यापासून तशी नजर मी पाहिली नव्हती.

श्रीमंतराव तोंडातली रेवडी शांतपणे चावत राहिले. मग हसले आणि म्हणाले, "ठाऊक आहे, ताई. भाऊंनी सगळं सांगितलंय की. ह्याच रेवड्यांपायी तर त्यांनी बिशपसाहेबांना नको म्हटलं, आणि हे झेंगट माझ्या पायाला बांधलं." असं म्हणून गेटरवर थाप मारली.

श्रीमंतरावांनी माझा चेहरा पाहिला, ह्यांचा पाहिला, आणि हळूच म्हणाले, "म्हणजे ताईंना माहीत नाही?"

मोटार गेल्यावर मी ह्यांना चुलीपुढे बसवलं. म्हटलं, आता सांगा. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. तर म्हणाले, हो, ऑक्टोबरात बिशपसाहेबांनी आधी मलाच विचारलं. मी एक दिवस मागून घेतला आणि नको म्हणालो.

"का?"

"आर्चडीकन झालो असतो तर झुंबरबाईचं नाव मला वर कळवावं लागलं असतं. तिच्यासारख्या आणखी किती म्हाताऱ्या मला घरं-दारं, वाटांसकट ठाऊक आहेत. कळवलं तर त्यांना प्रभुभोजन बंद. न कळवलं तर ज्यांनी मला नेमलं त्यांच्याशी खोटं. इथे मी नुसता त्यांचा पाळक आहे, मला न दिसून चालतं. श्रीमंतरावांना मी कुणाचं नाव सांगितलेलं नाही, जेवढं सांगू तेवढंच त्यांना दिसणार. आणि माणूस मऊ आहे."

म्हटलं, "हे मला का नाही सांगितलंत?"

चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, हो म्हणा. आणि तू म्हटल्यावर मी हो म्हणालो असतो."

ते अगदी खरं आहे. मी म्हणालेच असते. नळासाठी म्हणाले असते, पुढच्या बाकासाठी म्हणाले असते, छगनच्या तोंडावर मारायला एक उत्तर हवं म्हणून म्हणाले असते. झुंबरबाईचं पुढे काय होईल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नसता. मी रात्री तिच्याकडे जाऊन आले. मी तिला सगळ्यांसमोर उघडं पाडलं आणि ती मलाच म्हणते, "जाऊ द्या बाई, तुमचा जीव जळत हुता."

आता तुझ्याबद्दल.

ह्यांनी तो एक दिवस मागितला, तो कुठे काढला? तुझ्या ओट्यावर. बिशपसाहेबांकडून निघून हे तुझ्याकडे आले, तुझ्या घरी जेवले, आणि ही सगळी गोष्ट तुम्हा दोघांपुढे बोलले. तू रडलीस, असं श्रीमंतराव जाता जाता म्हणाले. माझ्याकडे आले तेव्हा ह्यांच्याजवळ फक्त वांग्याची भाजी उरली होती.

म्हणजे ऑक्टोबरापासून तुला ठाऊक. माझं पहिलं पत्र वाचलंस तेव्हा ठाऊक, दुधाचं पत्र वाचलंस तेव्हाही ठाऊक. मी तुला टोचून टोचून लिहीत होते आणि तू उत्तर देत होतीस, "ताई, तुझं खरं आहे." एका ओळीत माझं तोंड बंद करता आलं असतं तुला. केलं नाहीस. ह्यांनी सांगू नकोस म्हटलं असेल, म्हणून तू सोसलंस. चांगली आहेस तू. लहानपणापासून चांगलीच आहेस, आणि त्याचाही मला राग येतो.

तो बंगला तुला लखलाभ. खुर्ची श्रीमंतरावांना लखलाभ. त्यांचा हेवा परवा चुलीपुढे जळून गेला, खरंच सांगते. पण त्या जागी जो आलाय तो त्याहून वाईट आहे. वीस वर्षं ज्या माणसाच्या सायकलीची घंटी मी फर्लांगभरावरून ओळखते, त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्याने तुझ्या ताटावर बसून ठरवली. त्या वेळी त्याच्या समोर तू होतीस. मी इथे विहिरीवर होते.

मी त्यांना पुन्हा विचारलं तर ते आता काही सांगणार नाहीत. झालं ते झालं म्हणतील. म्हणून तुला लिहिते, आणि ह्या खेपेला "तुझं खरं आहे" असं उत्तर मला नको. त्या दुपारी ते काय म्हणाले ते शब्दन् शब्द लिहून पाठव. आधी काय म्हणाले, मग काय, कुठे अडखळले. जेवले का नुसतेच भात चिवडत बसले. माझं नाव घेतलं का, आणि घेतलं असेल तर कशासाठी. गाळू नकोस, गोड करू नकोस. ते सगळं माझं आहे, कृपा. तुझ्याकडे नुसतं राहून गेलंय.

मुक्ता आसाराम ओहोळ